एक चुकीचं क्लिक आणि अब्जावधींचं जहाज खाक! 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये टायटन उडवतात तरी कसं?

जानेवारी 2013. 'ईव्ह ऑनलाइन' या गेममधला एक खेळाडू आपल्या टायटन जहाजात बसला होता. त्याचं काम सोपं होतं. आपल्या साथीदारांच्या ताफ्याला 'आसाकाई' नावाच्या ताराप्रणालीत पाठवायचं आणि स्वतः मागे सुरक्षित थांबायचं. त्यासाठी 'ब्रिज' या पर्यायावर क्लिक करायचं होतं. त्याने क्लिक केलं 'जंप'वर.

ताफा जागेवरच राहिला आणि गेममधलं सगळ्यात महागडं जहाज एकटंच शत्रूच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलं. बातमी पसरली, दोन्ही बाजूंनी कुमक आली आणि एका छोट्या चकमकीत तीन हजारांच्या आसपास खेळाडू ओढले गेले. त्या रात्री तीन टायटन नष्ट झाले. चुकीचं क्लिक करणाऱ्याचं जहाज त्यातलंच एक.

एका क्लिकवर एवढं रामायण घडावं, असं या जहाजात आहे तरी काय?

टायटन म्हणजे काय?

'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडच्या सीसीपी गेम्स या कंपनीचा गेम 6 मे 2003 ला सुरू झाला. चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात खेळतात. या विश्वाचं नाव 'न्यू ईडन'. त्यात हजारो ताराप्रणाली आहेत आणि बहुतेक जहाजं खेळाडूंनीच खनिजं खणून, कारखाने चालवून बांधलेली असतात.

टायटन हा त्यातला सर्वात मोठा वर्ग. यात अवतार, एरेबस, लेव्हायथन आणि रॅग्नारॉक ही गेममधल्या चार साम्राज्यांची चार मुख्य जहाजं येतात. हो, 'अवतार' हा आपलाच शब्द. लांबी दहा किलोमीटरहून जास्त आणि वस्तुमान दोनशे कोटी किलोच्या पुढे!

ते बांधायला एका माणसाचं बळ पुरत नाही. शेकडो खेळाडूंची युती महिनोन्महिने माल गोळा करते. उडवायला लागणारी कौशल्यंही खऱ्या घड्याळाप्रमाणे शिकावी लागतात. खेळाडू ऑफलाइन असतानाही शिकणं चालू राहतं, तरी वर्षाहून जास्त काळ सहज जातो. 2016 पासून कौशल्यगुण विकत घेता येतात, पण तो मार्ग खिशाला परवडणारा नाही.

जॉयस्टिक नाही, मग उडवायचं कसं?

'एलिट डेंजरस'सारख्या गेममध्ये कॉकपिटमध्ये बसून मोठं जहाज हाताने वळवावं लागतं. 'ईव्ह'मध्ये तसं नाही. इथे पायलट हुकूम देतो: या दिशेला वळ, त्याच्याभोवती फिर, इतकं अंतर राख. बाकीचं जहाज करतं.

ऐकायला सोपं वाटतं. अडचण आहे ती वजनाची. एका ठिकाणाहून दुसरीकडे 'वार्प' करायचं तर जहाजाचं तोंड त्या दिशेला हवं आणि वेग कमाल वेगाच्या 75 टक्क्यांपर्यंत पोहोचायला हवा. छोटं फ्रिगेट हे काही सेकंदांत करतं. टायटनचं वळणं म्हणजे अरुंद घाटात भरलेला ट्रेलर वळवणं. तेवढ्यात कुणी दुसरं जहाज येऊन धडकलं की दिशा बिघडते आणि सगळं पहिल्यापासून.

म्हणून मुरलेले टायटन पायलट संकट दिसल्यावर वळत नाहीत. त्यांचं तोंड आधीच पळवाटेकडे असतं.

उडी मारण्यासाठी दुसऱ्याची मदत

लांबच्या प्रवासासाठी टायटनमध्ये 'जंप ड्राइव्ह' असतो. त्याने काही प्रकाशवर्षं दूरच्या प्रणालीत एका झटक्यात जाता येतं, पण तीन अटी असतात.

पहिली, पलीकडे आपल्या माणसाने 'सायनो' पेटवलेला हवा. सायनो म्हणजे उडी कुठे संपवायची ते दाखवणारा दिवा. हा दिवा त्या प्रणालीतल्या शत्रूलाही दिसतो.

दुसरी, इंधन. प्रत्येक साम्राज्याच्या जहाजाला वेगळं आयसोटोप लागतं. अवतारला हिलियम, एरेबसला ऑक्सिजन, लेव्हायथनला नायट्रोजन आणि रॅग्नारॉकला हायड्रोजन.

तिसरी, कपॅसिटर, म्हणजे जहाजाची बॅटरी. एक उडी तिचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. ती पुन्हा भरेपर्यंत परत उडी नाही.

थोडक्यात, पोहोचल्यावर चूक लक्षात आली तरी लगेच मागे फिरता येत नाही. आसाकाईत नेमकं हेच नडलं. शिवाय 'इंटरडिक्टर' प्रकारची तुलनेने लहान जहाजं वार्प आणि उडी दोन्ही रोखू शकतात. अवाढव्य टायटनला सर्वात मोठी धास्ती असते ती या छोट्या जहाजांची.

एका फटक्यात खेळ खल्लास

टायटनचं खास अस्त्र म्हणजे 'डूम्सडे'. त्याच्या एकाच माऱ्यात मोठमोठी जहाजं संपतात. पण ते डागल्यावर टायटन थोडा वेळ जागचं हलू शकत नाही आणि त्यानंतरही काही मिनिटं उडी मारता येत नाही. म्हणजे डूम्सडे डागणं ही 'आता मी इथून जात नाही' अशी कबुलीच.

मग धोका दिसल्यावर थेट गेम बंद केला तर? तेही चालत नाही. लढाई चालू असेल तर लॉग आउट केल्यावरही जहाज काही काळ अंतराळात तसंच राहतं. डिसेंबर 2006 मध्ये नष्ट झालेलं पहिलं टायटन असंच गेलं. पायलट लॉग आउट झाला होता, शत्रूने जहाज शोधून काढलं.

बिल भरलं नाही आणि 75 टायटन गेले

27 जानेवारी 2014 ला 'बी-आर5आरबी' या प्रणालीवरच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही. ताबा सुटला, विरोधक धावले आणि सुमारे 21 तास लढाई चालली. तिच्यात साडेसात हजारांहून जास्त खेळाडू उतरले.

इतके खेळाडू एका जागी आले की सर्व्हरवर ताण येतो. तो कोसळू नये म्हणून गेममधला वेळच मंदावतो, अगदी 10 टक्क्यांपर्यंत. एक मिनिटाचं काम दहा मिनिटांवर जातं आणि पायलट तासन्‌तास स्क्रीनसमोर अडकतात. ही लढाई थांबली ती रोजच्या देखभालीसाठी सर्व्हर बंद झाला तेव्हा. ती वेळ भारतात दुपारी साडेचारची.

तोवर 75 टायटन नष्ट झाले होते. खऱ्या पैशांत एकूण नुकसान 3 लाख डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज मांडला गेला. गेममधलं चलन थेट डॉलरमध्ये बदलता येत नाही, पण खऱ्या पैशांनी 'प्लेक्स' घेऊन ते गेममध्ये विकता येतं. हा हिशोब त्यावरूनच केला जातो. सीसीपीने नंतर त्या जागी गेममध्येच स्मारक उभारलं. पुढे डिसेंबर 2020 मध्ये 'एम2-एक्सएफई'च्या लढाईत 250 हून जास्त टायटन गेले आणि हा विक्रमही मोडला.

मालक कोण, कैदी कोण?

फुटलेलं जहाज परत मिळत नाही. पायलट मात्र क्लोनच्या रूपाने पुन्हा जिवंत होतो. नुकसान होतं ते वेळेचं आणि कष्टांचं, आणि तेही एकट्याचं नाही.

2016 मध्ये 'कीपस्टार' ही अतिविशाल स्थानकं येईपर्यंत टायटनला कुठेही डॉक करता येत नव्हतं. जहाज बेवारस सोडलं तर कुणीही पळवेल, म्हणून अनेक खेळाडू केवळ त्यात बसून राहण्यासाठी वेगळं पात्र ठेवायचे. मासिक पैसे भरून. अशा जहाजाला खेळाडू 'कॉफिन', म्हणजे शवपेटी म्हणायचे.

म्हणूनच नवख्यांना जुने खेळाडू एकच सल्ला देतात: हरवलं तर परवडणार नाही, ते जहाज उडवू नका. टायटनच्या बाबतीत हा हिशोब एकट्याचा नसतो, अख्ख्या युतीचा असतो. आणि 'जंप' व 'ब्रिज' यांपैकी आपण कशावर क्लिक करतोय, ते दोनदा पाहावं, हा आसाकाईचा धडा आहेच.