राणीवसा

ऐतिहासिक कादंबऱ्यांमधल्या लढाया मी भराभर पानं उलटत पार करते आणि राणीवशात आले की थांबते. 'स्वामी' (१९६२) वाचली ती रमाबाईसाठी, 'राऊ' (१९७२) काशीबाईसाठी. हो, मस्तानीसाठी नाही! नवरा दुसरीकडे गुंतलेला असताना ती रोज सकाळी उठून वाड्यात काय करत असेल, याचंच मला कुतूहल जास्त. जुन्या कागदांत या बायका लग्न आणि मृत्यू एवढ्यापुरत्याच डोकावतात. मधली सगळी जागा कादंबरीकाराला मोकळी...

पण आम्ही पडलो गडचांदूरचे. पुणे-थेऊर कुठल्या कुठे, माणिकगड मात्र हाकेवर. आमची राणी म्हणजे हिराई, चांद्याच्या गोंड राजा बीरशहाची बायको. असं सांगतात की बीरशहा दुसरं लग्न करायला निघाला आणि त्या लग्नाच्या धामधुमीतच हिरामण नावाच्या माणसाने त्याला ठार केलं. अठराव्या शतकाची नुकती सुरुवात. पोटी मुलगा नाही. हिराईने रामशहाला दत्तक घेतलं आणि तो जाणता होईपर्यंत राज्य स्वतः चालवलं. महाकालीचं देऊळ बांधून काढलं. चैत्राच्या यात्रेला तिथे पार मराठवाड्यातून लोक येतात. आणि अचलेश्वराच्या देवळाजवळ बीरशहाची देखणी समाधी उभारली.

आता बघा, नवरा सवत आणायला निघालेला आणि त्याच्यासाठी एवढी समाधी! प्रेम म्हणावं? घराण्याची रीत? की दत्तक मुलाची गादी पक्की करायची, म्हणून 'मीच त्याची राणी' हे दगडात कोरून ठेवणं? मला तिसरं पटतं. पण एखाद्या चांगल्या कादंबरीकाराने पहिलं निवडलं तर मी रडणार, हेही नक्की. तिची स्वतःची समाधी जवळच आहे, अगदी साधी. तिच्यासाठी तशी बांधणारं कुणी नव्हतं.

रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला सती गेली, 'स्वामी' तिथे संपते. हिराईची खरी गोष्ट नवरा गेल्यावर सुरू होते. घरात दत्तक पोर, दरबारात टपलेले भाऊबंद... केवढं सामान आहे यात!

माझ्या कपाटात पेशव्यांच्या बायका दाटीवाटीने बसल्यात, हिराई एकही नाही. कुणाकडे तिच्यावरची जाडजूड कादंबरी असेल तर कळवा. मावशी, तू नुसतं 'छान लिहिलंस' म्हणून सुटू नकोस, तुझी पुस्तकांची पेटी उघड!