दोन सुलतान आणि त्यांची पिस्तुलं

पिस्तुलावर नक्षी कोरल्याने त्याची गोळी लांब जात नाही. नेमही सुधारत नाही. तरीही पोलादावर सोनं-चांदी जडवून घेण्याची हौस बंदुकीइतकीच जुनी आहे. आजही जगभरातले संग्राहक कसबी कारागीर गाठून आपल्या आवडत्या पिस्तुलावर वेलबुट्टी, नाव, तारीख कोरून घेतात. या हौसेला आपण श्रीमंतांचा छंद म्हणून सोडून देतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारायला हवा. हत्यारावर काय कोरायचं, हे ठरवलं कोणी?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना दोन सुलतान समोर येतात. पहिला आपल्या दख्खनचा, टिपू सुलतान.

श्रीरंगपट्टणमच्या कारखान्यांत टिपूने बंदुका आणि चकमकीची पिस्तुलं बनवून घेतली. तंत्र युरोपीय होतं. फ्रेंच कारागीरही त्याच्या पदरी होते. पण हत्यार तयार झाल्यावर ते युरोपचं राहत नसे. नळीवर वाघाच्या अंगावरचे पट्टे सोन्याने जडवलेले असत. या पट्ट्यांना ‘बबरी’ म्हणतात. काही हत्यारांचा घोडा, म्हणजे चकमक धरणारा भाग, वाघाच्या आकाराचा. मुठीवर चांदीचं वाघाचं तोंड. काही पिस्तुलांच्या जोडीत एकाचा चाप-घोडा उजवीकडे, तर दुसऱ्याचा डावीकडे, म्हणजे दोन्ही हातांचा विचार केलेला.

सगळ्यात बोलका आहे तो ‘हैदर’ हा शिक्का. हैदर हे टिपूच्या वडिलांचं नाव. हैदर म्हणजे सिंह, आणि हीच हजरत अली यांची उपाधी. ‘असदुल्लाह’, अल्लाहचा सिंह, हीही त्यांचीच. मराठीत सिंह वेगळा, वाघ वेगळा. पण आपल्या घरातल्या दख्खनी-उर्दूत दोघेही ‘शेर’. टिपूने या एका शब्दात वडील, श्रद्धा आणि म्हैसूरच्या रानातला वाघ एकत्र आणले. वर्षदेखील त्याने स्वतःच्या मौलूदी सनातलं घातलं. काही हत्यारांवर ती घडवणाऱ्या कारागिराचं नावही सापडतं. असद खान मुहम्मद हे त्यातलं एक नाव. राजाच्या हत्यारावर कारागिराला सही करता येते, ही गोष्ट लहान नाही.

याच टिपूने १७८६ साली उस्मानी सुलतान पहिला अब्दुलहमीद याच्याकडे इस्तंबूलला वकील पाठवले होते. इंग्रजांविरुद्ध मैत्री हवी होती, तसेच कसबी कारागीरही हवे होते. त्या मोहिमेतून फारसं काही निघालं नाही. बरेचसे लोक रोगराईने वाटेतच गेले.

दुसरा सुलतान या अब्दुलहमीदचाच नातू, अब्दुलमजीद. त्याचं पिस्तूल आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हे कोल्ट कंपनीचं ‘ड्रॅगून’ जातीचं रिव्हॉल्व्हर. सोन्याने असं मढवलेलं की कोल्टच्या उत्कृष्ट नमुन्यांत त्याची गणना होते. पण सोन्यात कोरलंय काय? जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा! खलिफा म्हणवणाऱ्या सुलतानाच्या हातात अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष.

कारण सरळ आहे. हे पिस्तूल सुलतानाने घडवून घेतलं नव्हतं. सॅम्युएल कोल्टने ते त्याला नजराणा म्हणून दिलं होतं. तसंच एक रिव्हॉल्व्हर त्याने रशियाचा झार पहिला निकोलस यालाही दिलं. काळ कुठला? क्रिमियाच्या युद्धाचा, १८५३ ते १८५६. झार आणि सुलतान एकमेकांशी लढत होते, आणि दोघांकडे एकाच दुकानदाराची भेट होती. कोल्टचे चरित्रकार सांगतात की, रशियन तुमच्या आधी खरेदी करताहेत, असं सांगून त्याने तुर्कांकडून मागणी मिळवली. रशियनांनाही त्याने हीच गोष्ट उलटी करून सांगितली.

गंमत अशी की, १८५४ मध्ये खुद्द अमेरिकेच्या संसदेने कोल्टच्या भेटींची चौकशी केली. पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून त्याच्या माणसांनी लोकप्रतिनिधींना पिस्तुलं वाटली, असा आरोप होता. मुदतवाढ काही मिळाली नाही. म्हणजे वॉशिंग्टन शहरात ज्या भेटीला लाच म्हटलं गेलं, तीच भेट इस्तंबूलला पोचली की तिला शाही नजराणा म्हणायचं!

त्याच १८५४ मध्ये उस्मानी सल्तनतीने आपलं पहिलं परदेशी कर्ज काढलं. ते युद्धाच्या खर्चासाठी होतं. पुढे कर्जावर कर्ज चढत गेलं. १८७५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली आणि १८८१ मध्ये सल्तनतीच्या महसुलाच्या मोठ्या भागावर परदेशी सावकारांचं मंडळ येऊन बसलं. एका पिस्तुलाने हे घडलं, असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. पण सोन्याची नक्षी विकणाऱ्याने ठरवली होती आणि किंमत घेणाऱ्याच्या देशाने मोजली, हे त्या पिस्तुलावर वाचता येतं.

आता कोणी म्हणेल, टिपूने स्वतःची नक्षी कोरली, त्याने काय साधलं? प्रश्न रास्त आहे. १७९२ मध्ये इंग्रज, मराठे आणि निजाम एकत्र आले तेव्हा त्याला निम्मं राज्य आणि दोन मुलं ओलीस द्यावी लागली. ४ मे १७९९ रोजी तो लढताना पडला आणि त्याची शस्त्रं लुटीत वाटली गेली. २०१५ साली लंडनच्या लिलावात असद खान मुहम्मदच्या हातची, टिपूसाठी घडवलेली एक शिकारी बंदूक सात लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. लुटणाऱ्यांनी बंदूक नेली. पण तिच्यावरचे पट्टे आणि नाव त्यांनी पुसलं नाही, कारण त्या खुणांमुळेच तिला किंमत होती.

संग्राहकांचा एक नियम आहे. जुन्या हत्यारावर नव्याने नक्षी कोरली तर त्याचं मोल घटतं. मूळ मालकाने त्या काळी करवून घेतलेली असेल तर वाढतं. इतिहासालाही हा नियम लागू पडतो. टिपूवर आज प्रत्येक जण आपापली नक्षी कोरतो. कोणी त्याला देवमाणूस करतो, कोणी राक्षस. दोन्हींनी त्याचं मोल घटतंच. त्याने स्वतः काय कोरून ठेवलं ते आधी वाचावं. त्याच्या पोलादावर त्याचा बाप आहे, त्याची श्रद्धा आहे, त्याच्या मातीतला वाघ आहे आणि त्याच्या कारागिराचं नाव आहे.

आज आपल्या समाजाच्या हातात मोबाइलपासून विचारापर्यंत जे काही तयार येतं, त्यावर चेहरा कोणाचा कोरलेला आहे, हे उलटून पाहायची सवय लावून घ्यायला हवी. अब्दुलमजीदचं पिस्तूल सुंदर होतं, यात वाद नाही. पण ते त्याचं नव्हतं.