तीन टायपिस्ट आणि चोवीस केबी

मागच्या महिन्यात गावी, म्हणजे जेऊरला गेलो होतो. करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं आमचं स्टेशन. चुलतभावाचं तिथं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, सगळं तिथंच. सकाळी त्यानं कॉम्प्युटर चालू केला आणि चहा सांगितला. चहा आला, पिऊन झाला, तरी स्क्रीनवर आपलं चक्र फिरतंय. बाहेर चार माणसं ताटकळलेली. तो म्हणाला, "दादा, दहा वर्षांचं मशीन. बिघडलंय म्हणावं तर काहीच नाही. पण नवीन विंडोज ह्याच्यावर चालत नाही. टाकून द्यायचं का?"

उत्तर द्यायच्या आधी जरा मागं जाऊ.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कामाला लागला. आपल्याकडेच आराखडा काढून आपल्याकडेच बांधलेला. मेमरी किती? ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबात फक्त १० केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा साधा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. त्यावर शास्त्रज्ञ गणितं सोडवत होते. एकेक शब्द जपून वापरायचा, कारण दुसरा मिळणारच नव्हता.

आता अमेरिकेत जाऊ. बेल लॅब्ज ही संस्था 'मल्टिक्स' नावाच्या अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचा कारभारी: मेमरी, फाइली, कीबोर्ड यांची वाटणी करणारा. मल्टिक्सचं काम लांबतच गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली. मग केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी छोटी सिस्टीम लिहायला घेतली. तीच युनिक्स.

१९७१ मध्ये ती ज्या मशीनवर चालत होती, त्याची मेमरी होती २४ केबी. त्यातली १६ सिस्टीमला, उरलेली ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला. आणि एवढ्यावर काम काय चालायचं? पेटंट विभागातले तीन टायपिस्ट एकाच मशीनवर दिवसभर अर्ज टाइप करायचे, दुरुस्त करायचे, मांडणी करायचे. जरा विचार करा. तिकडं २४ केबीत तिघं. इकडं जेऊरला ४ जीबीत एकटा माझा भाऊ, आणि तोही थांबलेला. टिफ्रॅकशी तुलना केली, तर ही मेमरी सव्वाचार लाख पटींच्या आसपास भरते.

मग गेली कुठं ही मेमरी?

सगळी वाया गेली, असं म्हणणं खोटं होईल. टिफ्रॅकवर मराठी दिसत नव्हतं. जोडाक्षरं नीट उमटवणं, चित्रं, व्हिडिओ, इंटरनेटवरच्या चोरांपासून बचाव, या सगळ्याला जागा लागते. पण बाकीचं? न विचारता मागं चालू राहणारे प्रोग्राम, बातम्या आणि जाहिराती, आणि साध्या गप्पांच्या अ‍ॅपमध्ये कोंबलेला अख्खा ब्राउझर. हे सगळं आपण मागितलं होतं का?

पास्कल भाषेचे जनक निकलाउस वर्थ यांनी १९९५ मध्येच लेख लिहून हा प्रश्न मांडला. हार्डवेअर जितक्या वेगानं वाढतं, त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंदावतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून लोक याला 'वर्थचा नियम' म्हणतात, जरी त्यांनी स्वतः श्रेय मार्टिन रायझर या सहकाऱ्याला दिलं होतं. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. युर्ग गुटक्नेख्ट यांच्यासोबत, दोघांनी मिळून, 'ओबेरॉन' ही आटोपशीर सिस्टीम बांधून दाखवली.

त्याच १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी मेमरी लागायची. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी. हजार पटींहून जास्त! आणि मला वाटतं खरी मेख इथंच आहे. टिफ्रॅकच्या काळात मेमरी कमी पडली, तर डोकं प्रोग्राम लिहिणाऱ्याला चालवावं लागायचं. आज मेमरी कमी पडली, तर खिशात हात वापरणाऱ्याला घालावा लागतो. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, बिल जेऊरला येतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. भावाचं मशीन नेमकं त्यात अडकलं.

आम्ही काय केलं? आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद केले. डिस्कचा एक भाग मोकळा करून तिथं हलकं लिनक्स टाकलं. आता फॉर्म, प्रिंट, सातबारा तिथंच चालतं, आणि चहा यायच्या आत मशीन तयार असतं. मात्र अंगठा घ्यायचं यंत्र लिनक्सवर चालेना. तेवढ्या कामापुरतं जुनं विंडोज ठेवावं लागलं, धोका माहीत असूनही. म्हणजे प्रश्न अर्धाच सुटला.

पण मशीन भंगारात गेलं नाही. भावाला मी एवढंच म्हणालो, "टाकू नको. म्हातारं झालं नाही ते, वरचं ओझं वाढलंय."