देवाची राई

भगिनींनो, आपल्यापैकी ज्यांची माहेरे कोकणात किंवा मावळात आहेत, त्यांना देवराई म्हणजे काय हे सांगावयास नको. ग्रामदेवतेभोवतालचे हे रान देवाच्या मालकीचे. कित्येक गावी तेथील वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नसत. झाड तोडणे भागच पडले, तर आधी देवीला कौल लावीत. कायद्याचा जन्म होण्यापूर्वीपासून ही जमीन राखली गेली, ती या श्रद्धेच्या बळावर.

परंतु एकाच राईकडे पाहणाऱ्या दृष्टी निरनिराळ्या असतात. इंग्रजांनी १८६४ साली वनखाते स्थापिले आणि १८७८ च्या कायद्याने रानांवर सरकारची पकड घट्ट केली. खात्याच्या हिशेबी रान म्हणजे मुख्यतः लाकूड. तरीही खात्याचे पहिले प्रमुख ब्रँडिस यांनी देशातील देवरायांची आवर्जून दखल घेतली, हे नमूद केले पाहिजे.

पुढे पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी गावोगाव हिंडून देवराया अभ्यासिल्या. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. अन्यत्र दुर्मिळ झालेले वृक्ष व वेली त्यांना या रायांत आढळल्या. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या राईवर तोडीचे संकट आले, तेव्हा गावकऱ्यांनी याच अभ्यासकांकडे धाव घेतली. राई गेली तर ओढ्याचे पाणी जाईल, अशी त्यांना धास्ती होती. ती राई वाचली. शास्त्रज्ञाला तेथे वनस्पती दिसली, गावाला देवी आणि पाणी ही दोन्ही दिसली.

आता मात्र श्रद्धेचेच रूप पालटू लागले आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काही ठिकाणी राईतील झाडे तोडून सिमेंटचे सभामंडप उभे राहिले. देवाविषयीची भक्ती उणी झाली असे नव्हे, ती झाडांवरून उठून इमारतीवर बसली. म्हणून मला वाटते, केवळ देवाच्या धाकावर विसंबून चालणार नाही. त्या धाकामागचे पाण्याचे शहाणपण मुलाबाळांना उलगडून सांगितले पाहिजे.

कौल लावताना मानकरी पुढे असत. हंडे वाहणाऱ्या बायकांना मात्र फारसे कोणी विचारीत नसे. आज ग्रामसभेत बोलण्याचा हक्क आपल्या गावाकडच्या बहिणींना आहे. जत्रेला माहेरी जाल तेव्हा त्यांना एवढेच सांगा, की देऊळ बांधा, पण देवीची सावली राखून बांधा.