कोलकात्याच्या रेषा : मराठा खंदक ते १९४६



गोरे एका भागात आणि काळे दुसऱ्या भागात राहतात, असं म्हटलं की आपल्याला लगेच शिकागो, डेट्रॉइट अशी अमेरिकेतली शहरं आठवतात. मला कोलकाता आठवतं. माझी दोन पोस्टिंगं तिथं झाली. शहर पायी हिंडायची सवय असल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. या शहराच्या पोटात रेषा आहेत. नकाशावर त्या दिसत नाहीत, पण टॅक्सीवाल्यापासून घरदलालापर्यंत सगळ्यांना त्या पाठ असतात. त्या कुणी आखल्या आणि का आखल्या, हा आजचा विषय. थोडा भाग माझ्या स्वतःच्या कबुलीचाही आहे. तो शेवटाकडे येईल.

आपल्या नावाचा खंदक

पहिल्या रेषेला आपलंच नाव आहे. मी मराठी आहे हे कळल्यावर ऑफिसातले वयस्कर बंगाली हेडक्लार्क हसून म्हणाले होते, "म्हणजे सर, तुम्ही बर्गी!" बर्गी म्हणजे आपला बारगीर. १७४२ पासून जवळपास दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर जात होत्या. सुरुवातीच्या स्वाऱ्यांचं नेतृत्व भास्करराम कोल्हटकरांकडे होतं. त्या स्वाऱ्यांत गावं जळली, लूट झाली, सामान्य रयत भरडली गेली. बंगाली आया आजही पोराला झोपवताना बर्गीची भीती घालतात. आपल्याला हे ऐकायला बरं वाटत नाही, पण इतिहास आपल्या सोयीनं बदलत नाही.

त्या भीतीपोटी कलकत्त्याच्या रहिवाशांनी कंपनीकडे परवानगी मागितली आणि शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत, म्हणून काम थांबलं. १७५६ मध्ये सिराजउद्दौला चालून आला तेव्हा या अर्धवट खंदकाचा काही उपयोग झाला नाही. ज्या शत्रूसाठी खणला तो आला नाही आणि जो आला त्याला खंदकानं अडवलं नाही!

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. १७९४ मध्ये कलकत्ता शहराची अधिकृत हद्द ठरवली गेली ती याच खंदकाच्या आतल्या काठानं. म्हणजे भीतीनं खणलेली चर पन्नास वर्षांनी कायद्याची रेषा झाली. १७९९ मध्ये खंदक बुजवून त्याच्या मार्गानं सर्क्युलर रोड झाला. आज त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावं आहेत. तिथून बसनं जाणाऱ्याला पायाखाली मराठ्यांची भीती पुरलेली आहे हे ठाऊकही नसतं.

मैदान : तोफेसाठी मोकळी केलेली जागा

आता दुसरी रेषा. प्लासीनंतर इंग्रजांनी नवा किल्ला बांधायचं ठरवलं. जागा निवडली गोविंदपूर गावाची. गावातली वस्ती उठवली. शेठ, बसाक अशी जुनी व्यापारी घराणी उत्तरेकडे सुतानुटीच्या बाजूला सरकली. १७५८ मध्ये सुरू झालेलं काम १७८१ च्या सुमारास पुरं झालं. तोच फोर्ट विल्यम, आज आपल्या पूर्व कमानचं मुख्यालय. अलीकडे त्याचं नाव बदलून आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून 'विजय दुर्ग' ठेवलंय. मराठ्यांच्या भीतीनं खंदक खणणाऱ्या शहरातल्या किल्ल्याला मराठी किल्ल्याचं नाव!

किल्ल्याभोवतीचं ते प्रसिद्ध मैदान, सुमारे हजार एकरांचं, मुळात बाग म्हणून ठेवलेलं नाही. तटावरच्या तोफांना मारा करायला समोर काही आड येऊ नये, म्हणून ती जागा मोकळी ठेवली. आमच्या भाषेत माऱ्याचं क्षेत्र. तोफा काळाच्या ओघात निरुपयोगी झाल्या, मोकळी जागा मात्र राहिली. तिच्या कडेनं चौरंगी आणि पार्क स्ट्रीटच्या बाजूला गोऱ्यांचे बंगले उभे राहिले. उत्तरेला देशी लोकांची दाट वस्ती. इंग्रज कागदपत्रांत सरळ शब्द आहेत : गोरं शहर आणि काळं शहर. मध्ये बहूबाजार, टिरेटा बाजार या भागांत आर्मेनियन, पोर्तुगीज, चिनी आणि अँग्लो-इंडियन राहत.

ही रेषा विटांची नव्हती. गोऱ्यांच्या घरात देशी नोकर राबत होते, गोऱ्यांचे व्यवहार देशी बनिया सांभाळत होते. दिवसा रेषा ओलांडायला मुभा होती. प्रश्न बरोबरीनं बसायचा आला की रेषा दिसायची. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयक आलं. जिल्ह्याच्या ठिकाणी देशी न्यायाधीशाला गोऱ्या आरोपीचा खटला चालवता यावा, इतकाच त्याचा मुद्दा. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये फेब्रुवारीत गोऱ्यांची प्रचंड सभा झाली. इतका गदारोळ उठला, की पुढच्या वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली आणि गोऱ्या आरोपीला निम्मे ज्यूरी गोरे मागायचा हक्क मिळाला. १८२७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल क्लबमध्ये भारतीयांना सभासद व्हायला १९५९ साल उजाडावं लागलं. तिरंगा फडकून बारा वर्षं झाली होती!

चार दिवस

तिसरी रेषा सर्वांत खोल, आणि ती आपण आपल्याच हातानं आखली.

१६ ऑगस्ट १९४६, शुक्रवार. मुस्लिम लीगनं 'प्रत्यक्ष कृती दिन' पुकारलेला. बंगालचे मुख्यमंत्री सुऱ्हावर्दी यांच्या सरकारनं सार्वजनिक सुट्टी जाहीर केलेली. ऑक्टरलोनी मनोऱ्यापाशी, म्हणजे आजच्या शहीद मिनारपाशी, मोठी सभा झाली. सकाळपासूनच मारामाऱ्या सुरू होत्या. सभेनंतर शहर पेटलं. राजाबाजार, कलाबागान, हॅरिसन रोड, चितपूर, खिदिरपूर, मेटियाब्रुज. पहिल्या दिवशी एका बाजूचे लोक जास्त मेले, नंतर दुसऱ्या बाजूनं संघटित सूड घेतला. शेवटी दोन्हीकडचा हिशेब सारखाच काळा. साधारण चार हजार मृत असा आकडा दिला जातो. काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. सुमारे एक लाख माणसं बेघर झाली.

पोलीस अपुरे पडले आणि सैन्य उशिरा उतरलं. उतरल्यावर आधी मोठे रस्ते ताब्यात घेतले गेले. कत्तल मात्र गल्ल्यांत आणि बस्त्यांत चालू होती. हमरस्त्यावर चिलखती गाडी उभी असते आणि पन्नास पावलांवर गल्लीत माणूस कापला जातो. शहरात उतरलेल्या प्रत्येक पलटणीला हा धडा पुन्हा शिकावा लागतो.

वर्षभर धुमसत राहिलेलं हे शहर शांत करायला १३ ऑगस्ट १९४७ ला गांधीजी बेलियाघाट्याच्या हैदरी मंझिलमध्ये येऊन राहिले. सोबत सुऱ्हावर्दीही. स्वातंत्र्याच्या दिवशी दोन्ही जमाती एकत्र नाचल्या, पण महिनाअखेरीस पुन्हा ठिणगी पडली. शांततेसाठी फिरणारे सचिन मित्र त्यात मारले गेले. १ सप्टेंबरला गांधीजींनी उपास धरला. ४ तारखेला दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिल्यावर तो सोडला. पंजाबात पंचावन्न हजार सैनिकांना जे जमलं नाही ते बंगालात एका माणसानं केलं, अशा अर्थाचं माउंटबॅटननी लिहिलं. आम्हा फौजी लोकांना हे जरा झोंबतं, पण ते खरं आहे.

ट्रक एकाच दिशेनं गेले

इथवरचा इतिहास बरेच जण सांगतात. मला त्यापुढचं सांगायचं आहे.

१९४६ च्या त्या दिवसांत सैन्यानं अडकलेल्या हजारो लोकांना बाहेर काढलं. हिंदू गल्लीतलं मुसलमान कुटुंब मुसलमान भागात, मुसलमान बस्तीतलं हिंदू कुटुंब हिंदू भागात. त्यामुळे जीव वाचले, आणि मी तिथं असतो तर मीही तेच केलं असतं. पण हे ट्रक एकाच दिशेनं गेले. नेलेल्यांना परत आणायचे हुकूम कुणी काढले नाहीत.

१९४१ च्या जनगणनेत कलकत्त्यात जवळपास दर चार माणसांत एक मुसलमान होता. १९५१ मध्ये साधारण आठांत एक. बरेच पूर्व पाकिस्तानात गेले. जे राहिले ते पार्क सर्कस, राजाबाजार, खिदिरपूर, मेटियाब्रुज अशा ठरावीक भागांत एकवटले. उलट दिशेनं पूर्व बंगालमधून लाखो हिंदू निर्वासित आले. त्यांनाही डोक्यावर छप्पर हवं होतं. काही जण रिकाम्या पडलेल्या घरांत शिरले. एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारानं वर्षअखेरपर्यंत परत येणाऱ्याला त्याची मालमत्ता मिळेल असं वचन दिलं. परतलेल्या कित्येकांना दारात दुसरंच कुटुंब दिसलं, आणि तेही तितकंच होरपळलेलं. बाहेर काढायचं कुणी कुणाला? जानेवारी १९६४ मध्ये हजरतबल प्रकरणानंतर आधी खुलन्यात आणि मग कलकत्त्यात दंगल झाली. पुन्हा सैन्य आलं, पुन्हा माणसं आपापल्या 'सुरक्षित' भागांत सरकली.

आता कबुली. नोकरीत असताना एका शहरात, नाव मुद्दाम घेत नाही, दंगलीच्या वेळी माझी तुकडी बोलावली गेली होती. एका मिश्र गल्लीतून अकरा कुटुंबं मी रातोरात हलवली. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "साहेब, परत कधी आणणार?" मी म्हणालो, "सगळं शांत झालं की." मला शाबासकी मिळाली. सहा वर्षांनी त्या शहरात जाणं झालं तेव्हा मुद्दाम गल्लीत गेलो. अकरांपैकी एकही घर परतलं नव्हतं. गल्ली अगदी शांत होती. त्या शांततेत माझाही हात होता. बाईला दिलेला शब्द खोटा ठरला, आणि तो पाळायची यंत्रणा माझ्याकडेच काय, कुणाकडेच नव्हती.

शिकागोचा आरसा

दुसऱ्या महायुद्धात कलकत्ता अमेरिकन सैनिकांनी भरून गेलं होतं. आसामातून ब्रह्मदेशात जाणारा लेडो रोड बांधण्यात कृष्णवर्णी सैनिक फार मोठ्या संख्येनं होते. रजेवर कलकत्त्यात आले की त्यांची विश्रांतीची आणि करमणुकीची सोय गोऱ्या सैनिकांपासून वेगळी असे. हिटलरशी लढणाऱ्या फौजेतच ही रेषा! त्याच काळात चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात टेडी वेदरफर्ड नावाचा कृष्णवर्णी पियानोवादक लोकांना डोलायला लावत होता. हा गडी शिकागो गाजवून आलेला. १९४५ मध्ये कलकत्त्यातच पटकीनं गेला.

त्या शिकागोत २७ जुलै १९१९ ला काय झालं? मिशिगन सरोवरात सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स पोहता पोहता गोऱ्यांच्या बाजूला गेला. पाण्यात दोरी नव्हती, पाटी नव्हती. सगळ्यांना माहीत असलेली एक अदृश्य रेषा होती. दगडफेक झाली, पोरगा बुडाला. दंगलीत ३८ माणसं मेली, २३ काळी आणि १५ गोरी. त्यानंतर घरांच्या करारांतच 'काळ्यांना विकणार नाही' अशी कलमं घालण्याची पद्धत बोकाळली. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशांवर कृष्णवर्णी वस्त्या लाल रंगानं 'धोक्याच्या' ठरल्या. दंगल आठवडाभराची होती, कागद मात्र पिढ्यान् पिढ्या टिकले.

पण अमेरिकेत त्या रेषेवर निदान कायद्यानं हात टाकला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असे करार न्यायालयं अमलात आणणार नाहीत. त्याच वर्षी ट्रुमननी सैन्यातला भेद संपवायचा आदेश काढला. १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवडाभरात, घर देताना वर्णावरून नकार देणं बेकायदा ठरलं. वस्त्या एका रात्रीत मिसळल्या नाहीत, आजही पूर्ण मिसळलेल्या नाहीत. पण नकार मिळालेल्या माणसाच्या हातात दाद मागायला एक कागद आला.

आपल्याकडे? माझा एक सहकारी, कर्नल म्हणून निवृत्त झालेला, मुसलमान. दक्षिण कोलकात्यात भाड्याचा फ्लॅट बघत होता. मी सोबत होतो. दलालानं फोनवर सांगितलं, "या साहेब, आजच चावी देतो." समोर गेल्यावर नाव विचारलं. मग म्हणाला, "अरेरे, फ्लॅट सकाळीच गेला." परतताना गाडीत माझा मित्र काही बोलला नाही. मीच अस्वस्थ झालो तेव्हा म्हणाला, "जाऊ दे रे. चौथा आहे." सीमेवर त्याच्या हाताखालच्या जवानांनी त्याला कधी आडनाव विचारलं नव्हतं. आणि हे फक्त कोलकात्याचं नाही. १९९२-९३ नंतर मुंबईतून मुंब्र्याकडे किती कुटुंबं गेली, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय.

मंडळी, प्रत्येक रेषा सुरक्षिततेच्या नावानं आखली गेली. खंदक, मैदान, ट्रक. आखणाऱ्याची भीती बहुतेक वेळा खरीच होती. चूक होते ती नंतर, भीती ओसरली तरी रेषा तशीच ठेवण्यात. दंगल थांबवणं सैन्याला जमतं. चार दिवस लागतील, आठ लागतील. पण गेलेलं कुटुंब परत आणणं बंदुकीचं काम नाही. ते नगरपालिकेचं आहे, कायद्याचं आहे, सोसायटीच्या कमिटीचं आहे, आणि घर भाड्यानं देणाऱ्या तुमचं-माझं आहे.

मराठा खंदक का बुजला? मराठ्यांवर कलकत्तेकरांचं प्रेम जडलं म्हणून नाही. सगळ्यांना जायला-यायला रस्ता हवा होता म्हणून.

तुमच्या सोसायटीत पुढचा फ्लॅट रिकामा होईल तेव्हा कमिटीच्या बैठकीला जा. नाव ऐकून मान हलवणारा कुणीतरी तिथं असेल. तेव्हा गप्प बसू नका.

जय हिंद.