क्रेगलॉकहार्टची काव्यशाळा

दुःख भोगले की कविता आपोआप जन्मते, हा समज आपल्याकडे इतका घट्ट रुजलेला आहे, की आजारात घडलेल्या साहित्याचा इतिहास बहुधा वेदनेचाच इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यामागचा अभ्यास, खाडाखोड आणि संपादन यांची नोंद क्वचितच होते. स्कॉटलंडमधील एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयाची हकिकत या समजाला छेद देते. १८८० साली जलोपचारगृह म्हणून, म्हणजे विविध स्नानांनी प्रकृती सुधारण्याचे ठिकाण म्हणून, सुरू झालेली ही वास्तू पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ब्रिटिश लष्कराने ताब्यात घेतली आणि तेथे ‘शेल शॉक’ झालेल्या अधिकाऱ्यांवर उपचार होऊ लागले. आघाडीवरील भीषण अनुभवांमुळे जडणारा कंप, तोतरेपणा, निद्रानाश आणि दुःस्वप्ने यांना त्या काळी हे नाव होते. ही सोय अधिकाऱ्यांपुरती होती, हे विसरता येत नाही. वाचा गेलेल्या साध्या शिपायांना लंडनमध्ये विजेचे झटके देऊन बोलते केल्याच्या नोंदी त्याच काळातील आहेत.

जून १९१७ मध्ये येथे दाखल झालेला सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन हा डॉ. आर्थर ब्रॉक यांचा रुग्ण होता. प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन याच्या ग्रंथाचे भाषांतर केलेले ब्रॉक हे पॅट्रिक गेडिस यांच्या विचारांचे होते. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. परिसराशी तुटलेले नाते कामातून पुन्हा जोडले की मन सावरते, या विश्वासावर ब्रॉक यांची ‘कार्योपचार’ पद्धती उभी होती. भूमीला पाय टेकताच बळ परत मिळणाऱ्या अँटीयस या ग्रीक पुराणातील राक्षसावर कविता लिहिण्याचे काम त्यांनी ओवेनला दिले, तसेच त्याच्याकडे रुग्णांच्या ‘द हायड्रा’ या नियतकालिकाचे संपादन आले आणि एडिनबरातील एका शाळेत त्याने इंग्रजी साहित्यही शिकवले.

ऑगस्टमध्ये त्याची गाठ सिगफ्रिड ससूनशी पडली. युद्ध लांबवले जात असल्याचा जाहीर निषेध केल्यामुळे येथे पाठवण्यात आलेला ससून तेव्हा नावाजलेला कवी होता आणि डॉ. विल्यम रिव्हर्स यांच्या देखरेखीखाली होता. ओवेनच्या एका सुनीताच्या, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेच्या, मसुद्यावर ससूनच्या हातच्या दुरुस्त्या आजही पाहता येतात. शीर्षकात तरुणांना लावलेले ‘मृत’ हे विशेषण खोडून ‘ज्यांचा नाश ठरलेला आहे असे’ या अर्थाचा शब्द तेथे आला, आणि शोकगीताला आरोपपत्राची धार चढली. ही धार दुःस्वप्नांनी दिलेली नव्हती; ती दोन कवींनी मिळून घासूनपुसून काढलेली होती.

उपचार यशस्वी झाला, पण त्याचा लष्करी अर्थ रुग्ण पुन्हा लढण्यायोग्य होणे एवढाच होता. ओवेन फ्रान्सला परतला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, मारला गेला. आयव्हर गर्नी या दुसऱ्या सैनिक-कवीला मात्र क्रेगलॉकहार्टसारखा आधार लाभला नाही. १९२२ पासून मृत्यूपर्यंत मनोरुग्णालयात राहून त्याने विपुल लिहिले, परंतु त्याच्या कवितांचा विस्तृत संग्रह प्रसिद्ध होण्यास १९८२ साल उजाडले, तेव्हा त्याच्या निधनाला पंचेचाळीस वर्षे उलटली होती.