वर्धा जिल्हा आणि दोन सभागृहांचे विधिमंडळ

१९५६ हे वर्ष विदर्भातील बौद्धांच्या स्मरणात आहे ते १४ ऑक्टोबरच्या नागपूर येथील धम्मदीक्षेमुळे. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, याकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. या बदलाने जिल्ह्याला प्रथमच दोन सभागृहांचे विधिमंडळ लाभले. १९३५ च्या कायद्याने मुंबईसह ६ प्रांतांना वरिष्ठ सभागृह दिले होते. मध्यप्रांत-वऱ्हाडात मात्र ११२ सदस्यांची एकच विधानसभा होती.

घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यांतील दुसऱ्या सभागृहाकडे एक प्रयोग म्हणूनच पाहिले. ते नको झाल्यास विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा व संसदेने कायदा करावा, अशी सोय अनुच्छेद १६९ मध्ये आहे. परिषदेचे अधिकारही मर्यादितच. धनविधेयक तिला १४ दिवसांहून अधिक रोखता येत नाही. इतर विधेयक प्रथम ३ महिने व विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यास १ महिना. संयुक्त बैठकीची तरतूद राज्यांत नसल्याने अखेरचा शब्द विधानसभेचाच राहतो.

महाराष्ट्राची विधानसभा २८८ सदस्यांची, तर परिषद ७८ जणांची आहे. परिषदेतील ३० सदस्य आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर व ७ शिक्षक. १२ राज्यपालनियुक्त असतात. वर्ध्याचे चार आमदार विधानसभेत बसतात. स्थानिक संस्थांची जागा मात्र चंद्रपूर व गडचिरोली यांच्याशी सामाईक आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. अनुच्छेद ३३२ चे आरक्षण केवळ विधानसभेस लागू आहे. परंतु अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० मध्ये. म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षे, स्वतःला उघडपणे बौद्ध म्हणविणाऱ्यास राखीव जागा लढविता येत नव्हती! सर्वसाधारण जागा खुल्या होत्या हे खरे. पण विखुरलेल्या अल्पसंख्य समाजाला त्या जिंकणे किती दुष्कर, हे निराळे सांगावयास नको. परिषदेत आरक्षण नव्हते, तशी धर्माची अटही नव्हती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिपब्लिकन नेते रा. सू. गवई १९६४ मध्ये परिषदेत आले; १९६८ पासून उपसभापती आणि १९७८ ते १९८२ सभापती झाले. राखीव जागांचे दार बंद असतानाच्या काळातील ही नोंद आहे.

आज वर्धा, देवळी, हिंगणघाट व आर्वी यांपैकी एकही मतदारसंघ राखीव नाही.